पीएलसीला हळद लागते

विजेच्या कामाला डोळे कमी आणि कान जास्त लागतात, असं माझं जुनं मत होतं आणि ते मी कोणी विचारो न विचारो सगळ्यांना ऐकवत असे. आयटीआयतून बाहेर पडल्यापासून कुपवाडच्या एमआयडीसीत हळद-मसाल्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतोय. तिथली जुनी पॅनेलं म्हणजे सगळा आवाजाचा कारभार. कॉन्टॅक्टर ओढला की ठक्, रिले लागला की टिक्, टायमर भरला की आणखी एक बारकं टिक्; यातलं एखादं टिक् चुकलं की मी हातातला चहाचा कप खाली ठेवायचो, खिशातून टेस्टर काढायचो, पॅनेल उघडून नेमकी त्याच रिलेला टिचकी मारायचो आणि मशीन चालू झालं की विशेष काही घडलं नाही अशा चेहऱ्याने उरलेला चहा प्यायचो. पॅकिंगच्या मावश्या आपसात म्हणायच्या, "सायबांच्या हाताला गुण हाय." हे मला ऐकू आलं नाही असं मी दाखवायचो. घरी जाऊन मात्र सांगायचो.

मग मालकांनी पाऊच भरायचं मशीन आणलं. सेकंडहँड, पण ऐटदार. वरून प्लॅस्टिकची फिल्म खाली यायची, तिची नळी व्हायची, तीत हळद पडायची, जॉ मिटायचे, सील लागायचं, सुरी चालायची आणि खाली टपाटप पाकिटं पडायची. मी नेहमीच्या थाटात पॅनेल उघडलं. आत रिले जवळपास नव्हतेच. मधोमध एक करडा डबा, त्याच्या वर आणि खाली स्क्रूंची रांग, तोंडावर बारीक लाल दिवे. मी कान लावला. डबा गप्प.

"हा पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर," मशीन बसवायला आलेला पोरगा म्हणाला. "तुमचे सगळे रिले आणि सगळे टायमर याच्यात आहेत."

"कुठे?"

"प्रोग्रामात."

मी समजल्यासारखी मान हलवली आणि तो पोरगा गेला. त्यानंतर मशीन बंद पडलं की मी पॅनेल उघडून त्या डब्यासमोर उभा राहायचो, सवयीने एक टिचकी मारायचो, मग मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करायचो. निम्म्या वेळा एवढ्याने काम भागायचं. उरलेल्या निम्म्या वेळांमुळे मालकांनी मला मिरजेला पीएलसीच्या क्लासला घातलं.

पहिल्या रविवारी मी वर्गात शिरलो तर डिप्लोमाची सगळी पोरं उठून उभी राहिली. मीही "बसा, बसा" म्हणालो. पाठोपाठ खरे सर आले. ते माझ्या थोरल्या मुलीच्या वयाचे होते आणि "काका, तुम्ही शेवटच्या बाकावर बसा, म्हणजे मागच्यांना फळा दिसेल" असं म्हणाले. मागे कोणी नव्हतंच. बिचाऱ्याला मला दुखवायचं नव्हतं.

सरांनी सुरुवातीलाच पीएलसीची जन्मकथा सांगितली. मला ती फार आवडली, कारण तिच्यात आमच्यासारख्यांचा उल्लेख होता. अमेरिकेतल्या मोटारींच्या कारखान्यांत तेव्हा भिंतभर रिलेंची पॅनेलं असायची. मोटारीचं मॉडेल बदललं की सगळी वायरिंग उचकटून नव्याने करायची, आणि मध्येच एखादा रिले चिकटला तर हजारातून तो हुडकायचा. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स करणाऱ्या मंडळींनी, याला काहीतरी इलेक्ट्रॉनिक तोड काढा म्हणून मागणी केली. त्याच वर्षी १ जानेवारीला मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड इथे डिक मॉर्ली नावाच्या इंजिनिअरने अशा यंत्राची कल्पना कागदावर उतरवली होती. आदल्या रात्रीच्या पार्टीने डोकं जड असताना, असं तो स्वतःच सांगायचा. त्याच्या कंपनीचा हा ८४वा प्रकल्प, म्हणून यंत्राचं नाव ०८४, आणि ते बनवायला काढलेली कंपनी मॉडिकॉन. पुढची गोष्ट मला महत्त्वाची वाटली. या यंत्राला सांगायची भाषा, म्हणजे लॅडर, मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखी ठेवली: दोन उभ्या रेघा, मध्ये आडव्या पायऱ्या, पायरीवर आपले ओळखीचे एनओ (एरवी उघडा कॉन्टॅक्ट), एनसी (एरवी मिटलेला) आणि कॉइल. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ते बघून भीती वाटू नये म्हणून हा सगळा खटाटोप. मला वाटली, यात मॉर्लीसाहेबांचा काही दोष नाही.

पहिला धडा होता स्टार्ट-स्टॉप. एक मोटर, एक हिरवं बटण, एक लाल बटण. मी मनातल्या मनात हसलो. डीओएल स्टार्टरचं होल्डिंग मी झोपेत जोडलेलं आहे, आणि एकदा रात्रपाळीला खरोखरच झोपेत जोडलेलं आहे. पोरं अजून पेन्सिलींना टोक काढतायत तोवर मी वायरी जोडल्या. स्टॉप बटण शास्त्राप्रमाणे एनसी घेतलं, लॅडरमध्येही शास्त्राप्रमाणे स्टॉपचा एनसी कॉन्टॅक्ट काढला आणि "सर, झालं" म्हणून हात वर केला. सगळा वर्ग माझ्या किटभोवती जमला. मी स्टार्ट दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही. गडबडीत दोन्ही बटणं एकदम दाबली गेली आणि मोटर सुरू झाली. स्टॉप सोडलं, मोटर बंद. स्टॉप दाबून धरलं, स्टार्ट दाबलं, मोटर सुरू. म्हणजे माझी मोटर चालवायची तर एका माणसाला दिवसभर स्टॉप बटणावर बोट ठेवून बसावं लागणार होतं.

"बटणांच्या पट्ट्या बदलल्या तर?" मी विचारलं.

सरांनी शांतपणे समजावलं. बटण बाहेर एनसी आहे, म्हणजे न दाबताच त्यातून २४ व्होल्ट आत येतायत आणि इनपुटचा दिवा पेटलेलाच आहे. इनपुट पेटलं की प्रोग्रामातला एनसी कॉन्टॅक्ट उघडतो. म्हणून बाहेर एनसी बटण असेल तर आत एनओ काढायचा. आणि बाहेर एनसीच का? तर वायर तुटली तरी मशीन थांबावं म्हणून. एनओ बटण लावलं आणि त्याची वायर उंदराने खाल्ली, तर ज्या दिवशी कोणाचा हात अडकेल त्या दिवशी स्टॉप दाबून काही होणार नाही. हे ऐकून मात्र मी गंभीर झालो. आमच्या कारखान्यात उंदीर भरपूर आहेत, आणि हळद खाऊन त्यांच्या तब्येती उत्तम आहेत.

क्लासच्या जोरावर मी कामावर प्रयोग सुरू केले. मशीनच्या दाराला एक लिमिट स्विच जोडायचा होता, त्यासाठी पीएलसीचं रिकामं इनपुट हवं होतं. चष्मा लावून टर्मिनलवरचे आकडे वाचले: एक्स ०, एक्स १, एक्स २ असं करत एक्स ७, आणि त्याच्या शेजारी थेट एक्स १०. आठ नाही, नऊ नाही. पुढे पुन्हा १७ नंतर २०. माझ्या मनात पाल चुकचुकली. सेकंडहँड माल! ज्याच्याकडून मशीन घेतलं त्याला मी फोन लावला आणि मधली टर्मिनलं कोणी काढून घेतली, असा जाब विचारला. मालकांनाही सांगून ठेवलं की व्यवहारात आपण फसलोय, थोडे पैसे परत मागा. पलीकडचा माणूस सभ्य निघाला. तो म्हणाला, "साहेब, मी माहिती घेऊन सांगतो." रविवारी सरांकडून कळलं की मित्सुबिशीच्या या एफएक्स मालिकेत इनपुट-आउटपुटचे आकडे अष्टमान पद्धतीने मोजतात, आठ आणि नऊ हे अंक त्यात असतच नाहीत. सगळी टर्मिनलं जागेवर होती. त्या माणसाला मी परत फोन केला नाही. तो अजून माहिती घेत असेल.

लॅपटॉप पीएलसीला जोडणं हा असाच एक अध्याय. त्याची केबल वेगळी, तिचं टोक गोल, त्यात आठ नाजूक पिना, आणि ती एकाच बाजूने बसते. गोल वस्तू कशीही बसायला हवी या समजुतीने मी पहिल्या केबलच्या पिना झोपवल्या. दुसरी केबल बसली, पण लॅपटॉपने तिला कॉम ७ वर टाकलं आणि सॉफ्टवेअर कॉम १ वर तिची वाट बघत राहिलं. ही भानगड शेवटी धाकटीने सोडवली, तीही फोनवरून, कॉलेजच्या कॅन्टीनमधून. मागून तिच्या मैत्रिणींचं हसणं ऐकू येत होतं. दुसऱ्या कशावर तरी हसत असाव्यात.

मग एकदा स्वतःच्या अकलेने प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. कन्व्हेयर वाय ३ या आउटपुटवर होता. पाकीट पडलं की तो थोडा पुढे सरकावा अशी मूळ व्यवस्था होती. पाळी संपताना तो सलग चालवून रिकामा करता यावा म्हणून मी खाली आणखी एका पायरीवर वाय ३ चीच कॉइल काढून ठेवली. माझं बटण दाबलं की कन्व्हेयर छान चालायचा. एरवी ढिम्म. पाकिटं एकावर एक पडून डोंगर झाला. पीएलसी वरून खाली वाचत येतो आणि एकाच कॉइलबद्दल दोन ठिकाणी दोन निकाल लागले तर शेवटचा धरतो. वरची पायरी "चालू" म्हणत होती, माझी खालची पायरी "बंद" म्हणत होती, आणि खाली लिहिली होती म्हणून माझंच खरं होत होतं. माझंच खरं होण्याची ती कारखान्यातली पहिली वेळ.

पण खरी गंमत झाली ती आय मार्कची. पाऊचच्या फिल्मवर प्रत्येक पाकिटाच्या कडेला एक गडद चौकोन छापलेला असतो. तो चौकोन सेन्सरसमोर आला की पीएलसीला इनपुट मिळतं, फिल्म थांबते आणि सुरी बरोबर दोन पाकिटांच्या मध्ये चालते. लग्नसराईच्या तोंडावर, मागणी जोरात असताना, सुरी भलतीकडेच चालायला लागली. आमच्या पाकिटावर एका सुवासिनीचं चित्र आहे. तिचं कुंकू एका पाकिटावर आणि हनुवटी दुसऱ्यावर येऊ लागली. मालक धावत आले. मावश्या हात बांधून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आली, आपली वेळ आली.

मी स्टूल मागवलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, केबल लावली (बरोबर बाजूने) आणि मॉनिटर मोड उघडला. मशीन फिल्म ओढतंय, पण आय मार्कचं इनपुट पडद्यावर निळं होत नाही. मी मालकांना सांगितलं की हा लॉजिकचा प्रश्न आहे. पीएलसी काही मिलिसेकंदांत सगळी इनपुटं वाचतो, प्रोग्राम चालवतो, आउटपुटं देतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, हे त्यांना समजावलं. या चक्राला स्कॅन म्हणतात, हेही सांगितलं. मालक म्हणाले, "बरं, पण कापतंय चुकीचं." मग मी फिल्म ओढायचा टायमर वाढवला. सुवासिनीचे दोन तुकडे होत होते, त्याचे तीन झाले. टायमर कमी केला, तर नुसत्या कपाळांची पाकिटं पडायला लागली. शेवटी प्रोग्रामात त्या इनपुटच्या जागी मी कायम चालू राहणारा कॉन्टॅक्ट टाकला, म्हणजे खूण दिसो न दिसो, दिसली असं धरून चाल, असा हुकूम सोडला. मशीनने तो तंतोतंत पाळला आणि फिल्म पुढे न ओढता त्याच जागी सील मारत राहिलं. प्लॅस्टिक जळल्याचा वास सुटला. कोणीतरी पंखा लावला, त्याने हळद उडाली आणि मालकांचा पांढरा शर्ट पिवळा झाला.

तेवढ्यात मशीनवरच्या मावशी पुढे आल्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, वाकून सेन्सरच्या काचेवरून फिरवलं आणि म्हणाल्या, "आवं सायेब, त्याच्या डोळ्यात हळद गेलीया. आपल्या डोळ्यात गेल्यावर आपल्याला तरी दिसतंय व्हय?"

मी तो कॉन्टॅक्ट काढून इनपुट परत घातलं. सुवासिनी अखंड आली.

क्लासच्या वहीत पहिल्या पानावर सरांनी सांगितलेलं वाक्य मी लाल शाईने अधोरेखित केलं होतं: लॅपटॉप उघडण्याआधी पीएलसीच्या तोंडावरचे दिवे बघा. इनपुटचा दिवा लागत नसेल तर प्रोग्रामला हात लावू नका, बाहेर जाऊन सेन्सर, वायर आणि स्क्रू बघा. पीएलसी स्वतः क्वचितच बिघडतो. बिघडतं ते त्याच्या भोवतीचं. वही घरी कपाटात होती. अक्षर सुंदर आलंय.

त्या दिव्यांवरून आठवलं. या एफएक्स २एन जातीच्या पीएलसीवर एक छोटा लाल दिवा बरेच दिवस पेटलेला होता. शेजारी बारीक अक्षरांत 'बॅट व्ही' लिहिलंय. पण ते वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा ऑफिसात असतो. एकदा मालकांनी फेरीत विचारलं, "हा लाल दिवा कसला?" मी म्हणालो, "सप्लाय चालू असल्याचा." पुढच्या फेरीतही त्यांनी तेच विचारलं, तेव्हा मी त्या दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप लावली. प्रश्न मिटला. क्लासमधलं किट नव्या जातीचं होतं, प्रोग्राम जपायला त्याला बॅटरी लागत नव्हती, त्यामुळे हा विषय कधी निघालाच नाही. आमच्या डब्यात प्रोग्राम ज्या मेमरीत असतो ती वीज गेली की लिथियमच्या एका चिमुकल्या बॅटरीवर जगते. तिची ताकद संपत आली की तो दिवा लागतो. रोज मशीन चालू होतं, रात्रीपुरतं ती कशीबशी तग धरत होती.

मग दिवाळीची सुट्टी आली आणि काटकसर म्हणून मी स्वतः मेन स्विच पाडून कुलूप लावलं.

सुट्टीनंतर नारळ फोडून मशीन सुरू केलं. पॉवरचा दिवा लागला, रनचा लागला नाही, प्रोग्राम चुकल्याचा दिवा लुकलुकायला लागला. मी टिचकी मारली. मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला. मग सरांना फोन केला. ते मिरजेहून मोटारसायकलवर आले, लॅपटॉप लावला, बघितलं आणि म्हणाले, "काका, आत काहीच नाही." मग त्यांनी ती टेप सोलली, खालचा दिवा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि टेप हळूच परत लावली. असा शिष्टाचार हल्लीच्या पोरांत फार कमी बघायला मिळतो.

"बॅकअप असेल ना?"

बॅकअप होता. मशीनसोबत एक सीडी आली होती आणि ती सुरक्षित राहावी म्हणून मी घरी नेली होती. सौभाग्यवतींना फोन लावला. "ती चकचकीत का?" त्या म्हणाल्या. "गॅलरीत टांगलीय. तेव्हापासून एक कबूतर फिरकलेलं नाही." मी घरी जाऊन स्टुलावर चढून दोऱ्यासकट सीडी काढली. आमच्या कोणाच्याच लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नव्हता. अकाउंट्सच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरला होता. त्याने ती सीडी गरगर फिरवली, थांबवली, पुन्हा फिरवली, आणि अखेर फाइल उघडली.

आधी नवी बॅटरी घालायची होती. वीज बंद करून जुनी काढल्यावर वीसेक सेकंदांत नवी लावावी लागते, नाहीतर मेमरी जाते, असं मी आदल्या तासाभरात पुस्तकात वाचून ठेवलं होतं. हेल्परला मोबाइलचं स्टॉपवॉच धरून उभं केलं, श्वास रोखला, घामाच्या धारा लागल्या, आणि विक्रमी वेळात ती बॅटरी बसवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "काका, जायला आत आता काही नव्हतंच. सावकाश केलं असतं तरी चाललं असतं."

प्रोग्राम चढला, मशीन चाललं. फक्त ती सीडी ५० ग्रॅमच्या पाकिटांच्या जमान्यातली होती आणि आम्ही आता १०० ग्रॅमचं पाकीट भरतो, त्यामुळे पहिल्या खोक्यात ग्राहकाला अर्धी हळद आणि अर्धी हवा मिळणार होती. तेही मावशींनीच पाकीट हातात तोलून सांगितलं.

आता पॅनेलच्या दाराला आतून एक प्लॅस्टिकची पिशवी लावली आहे. त्यात प्रोग्रामचा पेन ड्राइव्ह, बॅटरी बदलल्याची तारीख लिहिलेलं कार्ड, माझा जादा चष्मा आणि सेन्सर पुसायला जुन्या साडीचा मऊ तुकडा. तुकडा मावशींनी दिलाय आणि सगळ्यात जास्त वापर त्याचाच होतो. मालक अधूनमधून नव्या, बिनबॅटरीच्या पीएलसीची गोष्ट काढतात आणि मी लगेच मेंटेनन्सचं रजिस्टर उघडून बसतो.

तर तुमच्यापैकी कोणाकडे सीडी ड्राइव्ह असलेला, मागे नऊ पिनांचा सीरियल पोर्ट असलेला जुना, जाडजूड लॅपटॉप माळ्यावर पडून असेल, तर कृपा करून भंगारात घालू नका. मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन. बदल्यात हळद देईन. शंभर ग्रॅमचं पाकीट. वजन करूनच घ्या.